बत्तीस कट्टे धान आणि एक ग्राफिक कार्ड

लाखनीत ग्राफिक कार्डाची किंमत रुपयांत सांगून भागत नाही, ती धानात सांगावी लागते. २०२५-२६ च्या हंगामात साधारण प्रतीच्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलमागे २,३६९ रुपये होती. त्याच वर्षी एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० हे नव्या पिढीतले खालच्या फळीचे कार्ड आपल्याकडे ३० हजारांच्या आसपास मिळत होते. भागाकार केला की चाळीस किलोचे बत्तीस कट्टे होतात. एकरी पंधरा क्विंटल उतारा धरला तर जवळजवळ एका एकराचा धान, आणि त्यातून बियाणे, नांगरणी, रोवणी, खत, फवारणी, कापणी, चुरणे यांपैकी एकही खर्च अजून वजा केलेला नाही. पुण्यात एवढी रक्कम पगारातून कशी बाजूला काढायची, इतकाच प्रश्न असतो. इथे ती पावसाळाभराच्या राबण्यातून निघते. म्हणून गेम खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये आता पैसे घालायचे की थांबायचे, या प्रश्नाला लाखनीत वजन आहे. त्याचे उत्तरही त्याच वजनाने द्यायला हवे.

लाखनी हे भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग, जुना सहा नंबरचा आणि आताचा त्रेपन्न, भंडारा सोडून साकोलीकडे निघाला की वाटेत लाखनी लागते. नागपूर ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. दिवाळीच्या सुमारास हलका धान घरात येऊन पडलेला असतो, भारी धान बांधीत उभा असतो. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, गावोगाव मंडईची जत्रा भरू लागते, रात्रभर नाटके चालतात, लेकी-जावई येतात. वर्षातला हातात पैसा खेळण्याचा काळ तो हाच, आणि घरातला कॉलेजात जाणारा पोरगा कॉम्प्युटरचा विषय काढतो तोही याच दिवसांत.

गंमत नव्हे, खरेच सांगतो, बापालाही त्या दिवसांत ‘आता की नंतर’ हाच प्रश्न पडलेला असतो. धान पणन महासंघाच्या खरेदी केंद्रावर न्यायचा, तर आधारभूत किंमत मिळते, पण नोंदणी, नंबर, बारदाना आणि खात्यात पैसे येईपर्यंतची वाट हे सगळे आले. व्यापाऱ्याला दिला तर भाव पडतो, पण नोटा लगेच हातात. मागच्या काही वर्षांत त्यात बोनसची भर पडली. २०२४-२५ च्या खरिपासाठी राज्य सरकारने हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले होते. तेव्हा आता की नंतर, या हिशेबात लाखनीचे घर मुळातच तयार आहे. फरक एवढाच, की धानाला सरकारने एक तळ घालून दिला आहे. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांना तळ नाही आणि माथाही नाही.

तीस-चाळीस वर्षे या बाजारात एक नियम जवळपास डोळे मिटून पाळता येत होता: थांबलात तर तेवढ्याच पैशात जास्त मिळते. चिपवर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरांची संख्या ठरावीक काळात दुप्पट होत जाईल हे गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडले आणि पुढची कित्येक दशके तसेच घडत गेले. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. अमेरिका आपल्याला क्रे कंपनीचा मोठा महासंगणक देत नाही, म्हणून साधे प्रोसेसर समांतर जोडून तो केला होता. त्याची कमाल ताकद सेकंदाला १०० कोटी गणितांच्या घरात होती. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या जीटीएक्स १६५० या साध्या कार्डाची कमाल ताकद सेकंदाला तीन लाख कोटींच्या आसपास आहे. दोन्हीकडची आकडेमोड नेमकी एका जातीची नाही, तरी अंतर किती पडले ते यातून कळते. एके काळी देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असलेली ताकद आज खेड्यातल्या टेबलाखाली बसते. थांबणाऱ्याला या प्रवासात सहसा तोटा झाला नाही.

नियमाला अपवादही झाले, आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपवरच्या आवरणासाठी लागणारी राळ तयार व्हायची, तेवढ्यानेच जगभर रॅमचे भाव भडकले. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्क दुपटीने महागली. २०२० ते २०२२ या काळात आभासी चलन खणणाऱ्यांनी ग्राफिक कार्डे उचलून नेली. कार्डांवर खणल्या जाणाऱ्या चलनांतले सर्वांत मोठे, इथेरियम, १५ सप्टेंबर २०२२ रोजी कार्डांविना चालू लागले आणि वापरलेल्या कार्डांचा लोंढा बाजारात आला. प्रत्येक वेळी टंचाई ओसरली आणि जो थांबला त्याचे भले झाले. या आठवणीमुळेच आजही अनेकांचा पहिला सल्ला ‘थांब’ असाच असतो.

२०२५ च्या हिवाळ्यात जे सुरू झाले ते वेगळ्या जातीचे आहे, असे माझे मत आहे. ते थोडे खोलात जाऊन सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय यावर उभा आहे. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या करतात: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी निराळी असते. तिच्यात चिपचे थर एकावर एक रचलेले असतात. सिलिकॉनच्या ज्या चकत्यांवर आपली साधी डीडीआर ५ रॅम छापतात, त्याच चकत्यांवर ही मेमरी छापावी लागते, आणि मायक्रॉनच्याच म्हणण्यानुसार तेवढ्याच क्षमतेसाठी तिला जवळपास तिप्पट चकत्या लागतात. म्हणजे डेटा सेंटरला एक गिगाबाइट गेले की घरगुती बाजारातून तीन गिगाबाइटांची जागा जाते. त्यात नफा जास्त, गिऱ्हाईक मोठे, करार लांब मुदतीचे. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने दोन्ही कोरियन कंपन्यांशी महिन्याला नऊ लाख चकत्यांपर्यंतच्या मागणीचा इरादा जाहीर केला. ३ डिसेंबरला मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला व्यवसायच बंद करत असल्याचे सांगितले. भारतात घरी कॉम्प्युटर जुळवणाऱ्या कितीतरी पोरांनी आयुष्यातली पहिली रॅम किंवा एसएसडी याच नावाची घेतलेली आहे.

काही महिन्यांत रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. जुन्या डीडीआर ४ चीही सुटका झाली नाही, कारण तिचे उत्पादन कंपन्या आधीपासूनच आटोपते घेत होत्या. एसएसडी त्याच वाटेने गेली. ग्राफिक कार्डावर बसणारी मेमरीसुद्धा याच तीन कंपन्यांची. मायक्रॉनचे प्रमुख संजय मेहरोत्रा, जन्माने कानपूरचे, यांनी डिसेंबर २०२५ मध्येच सांगून टाकले की ही ओढाताण २०२६ संपल्यावरही चालू राहील. गुजरातेत सानंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग आपल्याला स्वस्त का नाही, असे विचारले जाते. सानंदचे काम चिपची जुळणी, आवरण आणि तपासणी एवढे आहे. चकत्या बाहेरूनच येतात, आणि टंचाई चकत्यांची आहे. चकत्यांचा नवा कारखाना उभा राहून त्यातून माल निघायला वर्षे जातात.

रुपयाची बाजू याहून कमी बोलली जाते. आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये २९९ डॉलरला आले. तेव्हा डॉलर ८५ रुपयांच्या आसपास होता. गुणाकार २५,४१५ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, की झाले तीस हजार. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वदीपार गेला. अमेरिकेत एक सेंटही न वाढवता तेच कार्ड इथे पावणेबत्तीस हजारांवर जाते. २०१६ च्या जुलैत जीटीएक्स १०६० आले तेव्हा डॉलर ६७ चा होता. थांबलेल्या माणसाला तंत्रज्ञान जे देते, त्यातला काही भाग रुपया काढून घेतो. शिवाय खालच्या फळीत तंत्रज्ञानाची देणगीही आटली आहे. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० वर १२ गिगाबाइट मेमरी होती. २०२३ च्या ४०६० वर आठ, २०२५ च्या ५०६० वरही आठच.

तेव्हा माझे म्हणणे असे: रॅम उतरेल म्हणून महिना-दोन महिने थांबण्यात अर्थ नाही, आणि उद्या आणखी चढेल या भीतीने आज सगळा कॉम्प्युटर नवा घेण्यातही नाही. आपल्या मशीनला आज नेमके काय जमत नाही ते शोधावे, आणि नवी रॅम न घेता ते दुरुस्त होत असेल तर आत्ताच करावे. होत नसेल तर थांबावे, आणि मग मोठा पल्ला धरून थांबावे. हे बोलायला सोपे आहे. मशीन कोणते यावर सगळे अवलंबून आहे, म्हणून आता मशीनकडे येतो.

छोट्या गावांत गेमिंगची सुरुवात बहुधा एखाद्या मोठ्या कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या कॉम्प्युटरवर होते. डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय फाइव्ह, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा, आठ गिगाबाइट डीडीआर ३. नागपुरातून स्वस्तात येतो, दणकट असतो, आणि त्यात एक कार्ड टाकले की पोरगा खेळायला लागतो. कार्ड बहुतेक वेळा जीटीएक्स १६५०, आणि त्याला कारण आहे. या डब्यांतला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, २४० ते २९० वॉटचा, कार्डासाठी वेगळी वायर नसलेला. १६५० च्या साध्या आवृत्तीला ७५ वॉट पुरतात, ते बोर्डाच्या खाचेतूनच मिळतात. गेम खेळणाऱ्यांच्या स्टीम या दुकानाच्या पाहणीत हे कार्ड काही काळ जगात पहिल्या क्रमांकावर होते. गरीब देशांच्या आणि जुन्या डब्यांच्या जोरावर ते तिथे पोचले असावे, असा माझा अंदाज आहे.

या मशीनचा मालक ‘आता घेऊ का’ असे विचारतो तेव्हा त्याच्या मनात फक्त कार्ड असते. पण मोठे कार्ड घातले तर एसएमपीएस पुरत नाही. एसएमपीएस बदलायचा म्हटले तर त्या काळच्या डेलच्या बोर्डाला बाजारातली चोवीस पिनांची जोडणी थेट बसत नाही, मध्ये वेगळी वायर शोधावी लागते. तेही केले तरी दहा-बारा वर्षांचा प्रोसेसर नव्या कार्डाला काम पुरवू शकत नाही. प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला, बोर्ड बदलला की डीडीआर ३ निकामी, म्हणजे रॅम नवी. तीस हजारांचा विचार साठ-सत्तर हजारांवर जाऊन थांबतो. अशा मशीनमध्ये आज पैसे घालू नयेत, हे मी स्पष्ट सांगेन. हार्ड डिस्कवर चालत असेल तर लहानशी एसएसडी बसवावी. ती पुढच्या मशीनमध्येही चालेल. बाकी रक्कम बापाच्या खात्यात राहू द्यावी.

पण याच मशीनला दुसरे दुखणे आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मिळालेली सुरक्षेची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडी रायझनच्या २००० मालिकेपासून पुढे चालते. चौथी पिढी त्यात बसत नाही. पळवाटा काढून बसवणारे दुकानदार आहेत, आणि मशीन चालतेही. पण व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी मागतो, तिथे पळवाट अडते. ज्या घरी त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, सातबारा काढला जातो, तिथे आधार संपलेल्या प्रणालीवर राहणे मला धोक्याचे वाटते. खेळ आणि पैशांचे व्यवहार निदान वेगळे करावेत, व्यवहार फोनवर न्यावेत.

याच्या उलट एक मशीन असते, आणि टाळेबंदीच्या आगेमागे ज्यांनी कॉम्प्युटर जुळवला त्यांच्यापैकी अनेकांकडे ते आहे. एएमडीचा एएम ४ बोर्ड, बी ४५० सारखा, त्यात रायझन २६०० किंवा ३४००जी, सोळा गिगाबाइट डीडीआर ४, एखादे १६५० किंवा १६६०. अशा मशीनच्या मालकाने आज आनंदात असावे. तोच बोर्ड, तीच रॅम ठेवून त्यात रायझन ५६०० बसतो. २०२५ मध्ये तो दहा हजारांच्या आत मिळत होता, म्हणजे दहा-अकरा कट्टे. महागलेल्या वस्तूला हात न लावता मशीन तीन-चार वर्षे पुढे जाते. एवढा फायद्याचा सौदा या बाजारात मला दुसरा दिसत नाही. एकाच खाचेत इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर बसू देण्याचे श्रेय एएमडीला द्यायलाच हवे.

यात एक अडचण मात्र लाखनीची खास आहे. नवा प्रोसेसर ओळखायला आधी बोर्डाचे बायोस अद्ययावत करावे लागते. त्याला पाच-सात मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांत वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. पावसाळ्याच्या संध्याकाळी, वारा सुटलेला असताना, हे काम काढू नये. यूपीएसची बॅटरी ठीक आहे का ते आधी प्लग काढून पाहावे, नसेल तर मशीन बॅटरी नीट असलेल्या मित्राकडे न्यावे. विंडोज ११ बाबतही या मालकांची एक गैरसमजूत दूर व्हायला हवी. मशीन चालणार नाही असा संदेश येतो आणि ते नव्याच्या विचाराला लागतात. पुष्कळदा टीपीएम प्रोसेसरमध्येच असते, बायोसमध्ये बंद करून ठेवलेले. ते चालू करायला एक पैसा लागत नाही.

कार्डाचे म्हणाल तर बी ४५० वर ५०६० चालते, पण पूर्ण ताकदीने नाही. हे कार्ड खाचेतल्या सोळापैकी आठच वाटा वापरते, आणि जुन्या बोर्डावर त्या आठ वाटांचा वेग कमी असतो. मेमरी आठ गिगाबाइटांच्या वर गेली, की मशीन त्याच अरुंद वाटांनी रॅमकडे धावते आणि चित्र अडखळते. सोळा वाटांचे, बारा गिगाबाइटांचे जुने ३०६० अशा बोर्डावर अनेकदा जास्त समाधान देते. १०५० टीआय किंवा १०६० असणाऱ्यांनी एक तारीख लक्षात घ्यावी. एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या खेळांच्या ड्रायव्हरचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवला, सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार. कार्ड बंद पडणार नाही, पण नव्या खेळांनी रुसायला सुरुवात होईल.

खेळ संथ चालणे आणि खेळ सुरूच न होणे यांत फरक करायला हवा. संथ चालण्यावर सेटिंग कमी करण्याचा उपाय आहे. इंडियाना जोन्सचा डिसेंबर २०२४ मधला खेळ आणि मे २०२५ मधला डूम: द डार्क एजेस या दोघांना प्रकाशकिरणांची गणिते करणारे खास सर्किट असलेले कार्डच लागते. १६५० वर ते उघडतच नाहीत. असे खेळ खेळायचेच असतील तर नवे कार्ड हाच मार्ग. पण व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक आणि जीटीए फाइव्ह यांवरच रमणाऱ्यांना ती भिंत आडवी येत नाही.

जीटीए सिक्सच्या नावाने मात्र अनेक घरांत आत्तापासून आग्रह चालू आहे. त्या खेळासाठी जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे आणि ती प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज यांच्यासाठीची. त्यासोबत कॉम्प्युटरसाठी तारीख जाहीर झालेली नव्हती. याआधीचा अनुभव बोलका आहे. जीटीए फाइव्ह सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर. रेड डेड रिडेम्पशन टू ला वर्षभर लागले. या खेळासाठी म्हणून आज कार्ड घेणे म्हणजे तो येईपर्यंत वॉरंटीतला निम्मा काळ फुकट घालवणे. तो कॉम्प्युटरवर येईल, त्याला काय लागते ते छापून येईल, तेव्हा घ्यावे.

स्क्रीनकडे तर कोणी बघतच नाही. ऑफिसच्या डब्याबरोबर आलेला साडेअठरा इंची मॉनिटर १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. फुल एचडीला वीस लाखांहून जास्त लागतात. जे कार्ड निम्मेच ठिपके रंगवते आहे, ते दमले असे कसे म्हणावे? मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवत असेल तर मशीनने एकशे वीस काढून उपयोग नाही. मॉनिटरच्या चिपांत डेटा सेंटरला रस नाही, त्याचे भाव तसे शांत राहिले. शंभराहून जास्त हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर कार्डाच्या एक तृतीयांश पैशांत येतो आणि दहा वर्षे टिकतो. नेमबाजीच्या खेळात नव्या कार्डापेक्षा तो जास्त जाणवेल. मॉनिटर जुना असेल तर पहिले पैसे तिथे घालावेत.

आणि त्याआधी डबा उघडावा. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. खोलीतच एवढे तापमान असेल तर कार्ड ऐंशीच्या वर सहज जाते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. पोराला वाटते मशीन जुने झाले. महामार्गाची धूळ आहे, राइस मिलचा कोंडा हवेत आहे, चुरण्याच्या दिवसांत तर घरभर बारीक भूस बसते. हे सगळे पंख्यांच्या पात्यांवर आणि जाळीत जाऊन घट्ट बसते. ब्लोअरने साफ करून, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून, डब्याला मागे-पुढे एकेक पंखा लावला की खर्च दीड-दोन हजारांच्या आत राहतो. पंखा हाताने धरून मग ब्लोअर मारावा, नाही तर तो उलटा भन्नाट फिरून बेअरिंग जाते. डबा जमिनीवर न ठेवता हातभर उंच ठेवावा. हे न करता नवे कार्ड घेतले तर तेही पुढच्या मेमध्ये तसेच तापेल.

आता बापाचा प्रश्न. एवढे कशासाठी? तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. गेम म्हटले की अनेक घरांत पैसे लावण्याचे मोबाइलवरचे ॲप डोळ्यांपुढे येतात, आणि त्यात लोक बुडाले आहेत, ही भीती खरी आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. कॉम्प्युटरवरचा काउंटर-स्ट्राइक आणि पैसे लावलेली रमी यांत कायद्यानेच रेघ ओढलेली आहे. ती घरात समजावून सांगणे हे पोराचे काम.

दुसरे असे की याच मशीनवर इतर कामे होतात. लग्नाचे व्हिडिओ, फ्लेक्सचे डिझाइन, मंडईतल्या नाटकाचे चित्रण कापून यूट्यूबवर चढवणे, यांना तेच कार्ड आणि तीच रॅम लागते. लग्नसराईत हे काम रात्री जागून करणाऱ्याला कार्डाचे पैसे परत मिळतात. पण त्याला रॅम जास्त लागते, सोळाच्या जागी बत्तीस, आणि नेमकी तीच महाग. काम हातात असेल, आगाऊ रक्कम आली असेल, तर अशाने थांबू नये. मिळेल या आशेवर असेल, तर आहे त्या मशीनवर एक लग्न करून पाहावे. याच्याही पुढे, खेळ तयार करण्याचे काम महाराष्ट्रात होते आहे. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा २०२० मध्ये जगभर गेलेला खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. लाखनीचा प्रत्येक खेळणारा पोरगा तिथे पोचेल असे मी म्हणत नाही. पण पोचणारा एखादा असलाच, तर त्याची सुरुवात अशाच एखाद्या डब्याजवळ होईल. आणि यातले काहीच झाले नाही, त्याने दिवसभर शेतात किंवा वर्गात काम करून रात्री मित्रांबरोबर दोन तास मनापासून खेळ खेळला, तरी तो खर्च वाया गेला असे मला वाटत नाही. नाटकाच्या तिकिटाचा हिशेब झाडीपट्टीत कोणी मागत नाही.

ज्याच्याकडे मशीनच नाही, त्याच्यासाठी २०२५ च्या शेवटापासूनचा काळ कठीण आहे. नवे सुटे भाग घेऊन जुळवायचे तर रॅम आणि एसएसडी मिळून अंदाजपत्रक फाडतात. अशाने रॅम आधीच बसवलेले, जुळलेले वापरलेले मशीन शोधावे: एएम ४ बोर्ड, निदान तीन हजार मालिकेचा रायझन, सोळा गिगाबाइट. सुट्या रॅमच्या भावाशी ताडून पाहिले तर असे मशीन अनेकदा स्वस्त पडते, कारण विकणारा अजून जुन्या हिशेबात असतो.

जुने घेताना नागपूर गाठावे लागते. सीताबर्डीत फिरा किंवा कोणा विद्यार्थ्याच्या खोलीवर जा, मशीन चालू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कार्डावर पंधरा मिनिटे ताण देणारा फरमार्क लावावा, तापमान कुठे जाऊन थांबते ते पाहावे, पंख्याचा घरघराट ऐकावा, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे उमटतात का ते बघावे. २०२१-२२ चे कार्ड असेल तर ते चलन खणायला रात्रंदिवस चालले होते का, हे विचारावे. विचारताना विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावे. जुन्या कार्डावर वॉरंटी उरली असेल तर ती जीएसटीच्या बिलावर मिळते. दुरुस्तीसाठी पुन्हा ऐंशी-नव्वद किलोमीटर जावे लागणार हे धरून, बिल नसलेल्या वस्तूचा भाव निदान पाचव्या हिश्शाने खाली मागावा. बिल असेल तर कार्ड काढून हातात घ्यावे, मागे चिकटवलेला अनुक्रमांक बिलावरच्या आकड्यांशी जुळवावा आणि मग पैसे मोजावेत.